ठराव क्रमांक सात: गवा सॉलिड गोळीनेच मेला

नोव्हेंबरातल्या दुसऱ्या रविवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी, डिलाईल रोडवरच्या आमच्या चाळीच्या मंडळाने ठराव क्रमांक सात नऊ विरुद्ध चार मतांनी मंजूर केला. ठराव असा होता: 'सत्कारमूर्तींच्या उपस्थितीत झालेल्या शिकारीत गवा सॉलिड गोळीनेच मेला, असे ही सभा मानते.'

गवा मरून पन्नासहून जास्त वर्षं झाली होती. मत देणाऱ्या तेरा जणांपैकी एकानेही रायफल हातात धरलेली नव्हती. गवा दोघांनी पाहिला होता, एकाने कोल्हापूरला जाताना एसटीच्या खिडकीतून आणि दुसऱ्याने टीव्हीवर. सत्कारमूर्ती स्वतः बाहेर गॅलरीत खुर्चीवर बसले होते. ज्याच्याबद्दल मतदान आहे त्याने सभेत बसणं बरं दिसत नाही, असं सेक्रेटरींनी त्यांना सांगितलं होतं. त्यांना कोणी काही विचारलं नाही.

मी सभेला होते ती निमंत्रित म्हणून. सत्काराच्या स्मरणिकेतला मजकूर तपासायचं काम माझ्याकडे होतं. वर्तमानपत्राच्या डेस्कवर तीस वर्षं काढलेल्या माणसाला चाळीत एवढंच काम मिळतं. मला मत नव्हतं.

सत्कारमूर्तींना सगळी चाळ आबा म्हणते. त्या महिन्यात त्यांना ऐंशी वर्षं पूर्ण होत होती. गाव मालवणकडचं, नोकरी गिरणीतली. ते गिरणीच्या वर्कशॉपात फिटर होते. गिरणी बंद पडली आणि चाळीतल्या बाकी फिटरांना लोक हळूहळू 'अमक्याचे वडील' म्हणून ओळखू लागले. आबांचं तसं झालं नाही, कारण आबांच्या नावावर गवा होता.

ती गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आले. गिरणीच्या शेटकडे एक विलायती दुनळी रायफल होती. शेजारी शेजारी दोन नळ्या, प्रत्येक नळीला वेगळा चाप. गवा, हत्ती अशी जनावरं जखमी होऊन अंगावर आली तर रायफल पुन्हा भरायला वेळ नसतो, म्हणून दुसरी गोळी आधीच तयार ठेवणारं हे हत्यार. तिच्या एका चापाची स्प्रिंग मोडली. वर्कशॉपातल्या पंचविशीच्या फिटरने ती नवी करून बसवली. शेटने खूश होऊन त्याला शिकारीला बरोबर घेतलं. शिकारबंदी यायला तेव्हा काही वर्षं अवकाश होता. कारवारच्या बाजूच्या जंगलाचा परवाना होता.

निघण्याआधी फोर्टातल्या एका दुकानात काडतुसं घ्यायला दोघे गेले. दुकानदार सॉफ्ट गोळ्या काढून दाखवत होता. सॉफ्ट म्हणजे टोकाला शिसं उघडं असलेली, अंगात शिरल्यावर फुलून पसरणारी. आमच्या फिटरने सांगितलं, सॉलिड घ्या. सॉलिड म्हणजे सगळीकडून कठीण कवचाची. ती फुलत नाही, हाड फोडून सरळ जाते. शेटने दोन्ही घेतल्या. जंगलात उजव्या नळीत सॉफ्ट भरली, डाव्या नळीत सॉलिड. पहिल्या गोळीने गवा जखमी झाला आणि वळून शेटवर आला. शेटने दुसरा चाप ओढला. सॉलिड गोळी कपाळाचं हाड फोडून आत गेली आणि गवा सहा पावलांवर कोसळला. पुढे कवटीतून ती गोळी काढून शेटने फिटरला दिली. गोळी आबांच्या देव्हाऱ्यात आहे.

ही चाळीतली आवृत्ती. माझ्या वडिलांच्या तोंडून ऐकली तेव्हा गवा वीस पावलांवर कोसळला होता.

एक गोष्ट मला तपासाला लागल्यावरच लक्षात आली. आबांना ही गोष्ट सांगताना मी कधी ऐकलं नव्हतं. सांगणारे दुसरेच असत. आबा बाजूला बसून अडकित्त्याने सुपारी कातरत आणि शेवटी मान हलवत. ती मान 'हो' म्हणून हलते असं सगळ्यांनी धरलं होतं.

सभा चाळीच्या बालवाडीत भरली होती, कारण मंडळाच्या कार्यालयात गणपतीचं मखर ठेवलेलं असतं. सभासद मुलांच्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन बसले होते. वाद सुरू केला तो इंजिनिअरने. चाळीत इंजिनिअर बरेच आहेत, पण 'इंजिनिअर' म्हटलं की तिसऱ्या मजल्यावरचा हाच. त्याचं ऑफिस आबांच्या गिरणीच्या जागेवर उभ्या असलेल्या काचेच्या इमारतीत आहे. शिकारीचे व्हिडिओ तो जेवताना बघतो. स्मरणिकेचं प्रूफ वाचून त्याने लेखी हरकत घेतली होती.

"बालवाडी आहे म्हणून सोप्या भाषेत सांगतो," असं म्हणून तो फूटपट्टी घेऊन भिंतीवरच्या तक्त्यापाशी गेला. जंगली प्राण्यांच्या तक्त्यात गवा नव्हता. म्हणून त्याने पाळीव प्राण्यांच्या तक्त्यावर पट्टी ठेवली.

"ए, गायीवर नको दाखवू रे," मागून आवाज आला.

"मग कशावर दाखवू?"

"म्हैस घे ना. शेजारीच आहे."

पट्टी म्हशीवर गेली. चित्रातल्या म्हशीच्या पाठीवर बगळा बसलेला होता.

"जनावर असं आडवं उभं आहे, बरोबर? अशा वेळी सॉफ्टच मारायची. खांद्याच्या मागे, इथे. आत जाऊन फुलते, सगळी ताकद आत सोडते. सॉलिड मारली तर आरपार. मागे उभा असलेला दुसरा गवा फुकट मरेल."

"आणि समोरून अंगावर आला तर?"

"तर सॉलिड."

"मग झालं की! समोरूनच आला होता ना?"

"अहो काका, पण तो समोरून आला याला पुरावा काय?"

"पुरावा?" सेक्रेटरी उभे राहिले. ते बँकेतून निवृत्त झाले आहेत आणि त्यांच्या हातात कायम मंडळाची घटना असते. "पन्नास वर्षं सगळी चाळ ऐकतेय. हा पुरावा नाही तर काय आहे?"

"ऐकणं म्हणजे पुरावा नव्हे."

"तुझ्या मोबाइलमधला गोरा सांगतो तो पुरावा, आणि आमचे आबा म्हणजे काय, टाइमपास?"

यावर टाळ्या पडल्या. इंजिनिअरचा दुसरा मुद्दा कोणी नीट ऐकला नाही, पण तो चुकीचा नव्हता. दुनळी रायफलच्या दोन नळ्या एकाच जागी गोळी टाकतील अशा जुळवलेल्या असतात, पण त्या एका ठरावीक वजनाच्या गोळीसाठी. वजन बदललं की एक नळी इकडे मारते, दुसरी तिकडे. तेव्हा फिटरने निवडलेल्या सॉलिडचं वजन सॉफ्टच्या वजनाइतकंच होतं का, असा त्याचा प्रश्न होता.

"आता वजनावर आला," कोणीतरी म्हणालं. "उद्या गव्याचा जन्मदाखला मागेल."

खरं तर इंजिनिअरला आबांशी काही वैर नव्हतं. लहानपणी तो आबांच्याच मांडीवर बसून सुपारीचे तुकडे चोरत असे. पण स्मरणिका शुक्रवारी छापायला जायची होती, आणि तिच्यातलं एकमेव मोठं पान 'आबा आणि गवा' या मथळ्याचं होतं. ते पान काढलं तर उरत होता एक निवृत्त फिटर, ज्याच्यासाठी मांडव घालायचं काही कारण सभेला सापडलं नसतं. हे सगळ्यांना कळत होतं, म्हणून आवाज चढत होते.

चर्चा पाऊण तास चालली. शेवटी अध्यक्षांनी विचारलं, "मग मतदान घ्यायचं का?" चाळीत नळाची वेळ, गच्चीची किल्ली आणि गणपतीची उंची मतदानाने ठरते. त्यामुळे हा प्रश्न कोणालाही विचित्र वाटला नाही. सूचक मिळाला, अनुमोदक मिळाला. एका माळकरी सभासदाने 'मेला' ऐवजी 'निधन पावला' अशी उपसूचना मांडली. ती अनुमोदनाअभावी बारगळली. हात वर झाले. नऊ विरुद्ध चार.

सेक्रेटरी माझ्याकडे वळले. "आता तपासायचं काही राहिलं नाही. ठरावच झाला."

मी विचारलं, "गोळी कोणी पाहिली आहे का?"

सर्वांनी पाहिली होती. मग नीट विचारलं, तेव्हा सर्वांनी औषधाची एक गोल डबी पाहिली होती. डबी उघडलेली कोणी पाहिली नव्हती.

दुपारी मी आबांच्या खोलीत गेले. ते आणि त्यांची सून असे दोघेच घरी होते. मुलगा आखातात असतो. सुनेने चहा ठेवला.

"काय गो, तपासूक इलंस?" आबा म्हणाले. "नऊ-चार झाला म्हणे."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"गॅलरीत आयकाक येता सगळा. म्हशीवर दाखवल्यान ना त्येना?"

मी हो म्हटलं. स्मरणिकेत गोळीची माहिती टाकायची आहे, वजन आणि माप घ्यायला हवं, असं सांगितलं. सून स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "ते डबीला हात लावू देत नाहीत. मी देव पुसते ना, तेव्हासुद्धा ती डबी स्वतः उचलून धरतात."

"वजन करूचा असा?" आबांनी विचारलं.

"हो."

त्यांनी अडकित्ता मिटून खाली ठेवला. मग म्हणाले, "उद्या चल. सोनाराकडे जाऊया. पण कोणाक घेव नको. त्या विंजिनेराक तर नायच नाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला आम्ही लालबागच्या एका सराफाच्या दुकानात होतो. आबांचा आणि त्याच्या वडिलांचा जुना परिचय होता. सुनेच्या मंगळसूत्राची वाटी तिथेच घडवलेली. आबांनी खिशातून डबी काढली, झाकण फिरवून उघडलं आणि कापसातली गोळी काचेवर ठेवली.

ती माझ्या कल्पनेपेक्षा मोठी होती. माझ्या अंगठ्यापेक्षा थोडी बारीक, गोल नाकाची, चांदीसारखी मळकट पांढरी.

"चांदी नाही ही," सराफ पटकन म्हणाला.

"कोण म्हणता चांदी?" आबा म्हणाले. "वरना निकेल-तांब्याचा पाणी. आत पोलाद. त्याच्या आत शिसा. लोहचुंबक असला तर लाव."

सराफाने ड्रॉवरमधलं लोहचुंबक आणलं. दागिन्यात लोखंड भरलंय का ते बघायला त्याला ते लागतं. गोळी चुंबकाला चिकटली. काट्यावर बत्तीस पूर्णांक चार ग्रॅम वजन भरलं. जाडी बारा मिलिमीटर. टोक कुठेही चेपलेलं नव्हतं, शिसं कुठे उघडं नव्हतं. गोळी सॉलिड होती. आकडे मी वहीत लिहिले.

"सोनं असतं तर सव्वातीन तोळे झाले असते," सराफ म्हणाला.

"पाचशे ग्रेन," आबा माझ्याकडे बघत म्हणाले. "शेटच्या रायफलीवर कोरलला होता. नळयेच्या बुडाक, आतल्या बाजूक. पाचशे ग्रेनची गोळी. दुकानवालो सॉफ्ट दाखवी होतो, ती पण पाचशेच. म्हणान मी सॉलिड पाचशेचीच मागलंय. त्या विंजिनेराक सांग. वजन मी बघललंय."

हिशेब मी तिथेच मोबाइलवर केला. पाचशे ग्रेन म्हणजे बत्तीस पूर्णांक चार ग्रॅम. इंजिनिअरच्या दुसऱ्या मुद्द्याचं उत्तर मिळालं होतं, पंचविशीतल्या फिटरने ते दुकानातच देऊन ठेवलं होतं.

मग मी सराफाकडून भिंग मागितलं.

मी सुरुवातीची काही वर्षं कोर्टाची बातमीदारी केली होती. खुनाच्या खटल्यांत तज्ज्ञ साक्षीला येत आणि दर वेळी तेच सांगत. रायफलच्या नळीत आतून पिळाचे आटे कोरलेले असतात. गोळी त्यांतून घासत, फिरत बाहेर पडते, आणि त्या आट्यांचे चरे तिच्या अंगावर उमटतात. गोळी सॉफ्ट असो वा सॉलिड, चरे उमटतातच. चरे नसलेली गोळी म्हणजे नळीतून कधीच न गेलेली गोळी.

भिंगाखाली मी गोळी सगळ्या बाजूंनी फिरवली. बुडाजवळ एका ठिकाणी पक्कडीचा पुसट दाब होता. बाकी अंग गुळगुळीत होतं. भिंग सराफाकडे दिलं. त्यानेही फिरवून पाहिलं.

"एक ओरखडा नाही, आजोबा," तो कौतुकाने म्हणाला. "अगदी नवी कोरी."

आबा माझ्याकडे बघत होते. "बघलंस?"

"बघितलं."

"समाजला?"

"ही उडालेलीच नाही."

सराफ दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. आम्ही दुकानातल्या सोफ्यावर बसलो. पुढचं सगळं आबांनी तिथे, पाणी पीत पीत सांगितलं. आवाज त्यांच्या रोजच्या आवाजाइतकाच होता.

"शेटान पयली गोळी मारल्यान. उजवी नळी, सॉफ्ट. गवो आडवो उभो होतो, त्या पोरान म्हशीवर दाखवल्यान तसोच. चाळीस पावलां चल्लो, खाली बसलो आणि मेलो. अंगावर येवक नाय, काय नाय. दुसरो चाप ओढूची येळच इली नाय. शेटान डाव्या नळयेतला काडतूस काढल्यान आणि माझ्या हातात दिल्यान. 'तेरा माल है, तू रख,' म्हणालो. सगळे हसले. मी पण हसलंय."

"मग ही गोळी?"

"मुंबईत इल्यार वर्कशॉपात सोडवून घेतलंय. काडतूस घरात ठेवूचा नाय, परवानो नाय. पण गोळी टाकवना. माझी निवड होती ती."

"आणि कवटी? सहा पावलं?"

"मी सांगलंय कधी?" त्यांनी मला विचारलं. "तू लहानपणापासना आयकतंस. माझ्या तोंडातना आयकलंस?"

मी नाही म्हटलं.

"मी शिकारीसून इलंय तेव्हा खालच्या खोलयेतल्यान इचारल्यान, गवो मारल्यात? म्हटलंय, मारलो. कोणती गोळी घेतलली? म्हटलंय, सॉलिड. दोनय खरा. बाकीचा चाळीन जोडल्यान. सहा पावलां एका गणपतीत झाली. त्या आधी धा होती."

"तुम्ही खोडून का नाही काढलं?"

त्यांनी पेला खाली ठेवला. "पयल्या वर्सा लाज वाटली. मगे गिरण बंद झाली. मगे वाटला, रवांदे. पण एक सांगतंय. माझी निवड बरोबर होती काय चुकीची, तां पन्नास वर्सा माका म्हायत नाय. गवो अंगावर इलो असतो, तर ह्या गोळयेन थांबलो असतो काय? कोणाक म्हायत? आणि काल नऊ जणांनी हात वर करून ठरवल्यानी. माका भायर बसवून."

मी वही बंद केली. मग त्यांनी मला विचारलं, स्मरणिकेत काय लिहिणार. मी म्हटलं, तुम्ही सांगाल ते.

"माझी गोष्ट तू लिव नको. वजन लिव, माप लिव, जितक्या बघलंस तितक्या लिव. बाकीचा मी सांगतंय. सत्काराक माईक देतत ना? सगळ्यांसमोर सांगतंय. ऐंशी वर्सांचो झालंय. जाताना माझ्या नावार माझीच गोष्ट होयी, चाळीची नको."

शुक्रवारी स्मरणिका छापायला गेली. 'आबा आणि गवा' हे पान मी तीन वाक्यांवर आणलं: 'सत्कारमूर्तींनी शिकारीसाठी सॉलिड गोळीची निवड केली. त्यांच्याकडे जपलेल्या सॉलिड गोळीचे वजन बत्तीस पूर्णांक चार ग्रॅम आहे. रायफलवर कोरलेल्या वजनाशी ते जुळते, असे सत्कारमूर्ती सांगतात.' उरलेली जागा रिकामी दिसते म्हणून सेक्रेटरींनी तिथे ठराव क्रमांक सात चौकटीत टाकला, सूचक-अनुमोदकाच्या नावांसह. शिवाय गव्याचं एक चित्र टाकलं. चित्र आफ्रिकेतल्या म्हशीचं होतं.

सत्कार पुढच्या रविवारी संध्याकाळी सहाला चाळीच्या चौकात झाला. शाल, श्रीफळ, औक्षण. सन्मानचिन्ह म्हणून गवा द्यायचं ठरलं होतं, पण दादरच्या दुकानात गवा मिळाला नाही. शेअर बाजाराच्या कार्यक्रमांना देतात तो शिंगं उगारलेला सोनेरी बैल मिळाला. खाली 'गवा' अशी पट्टी चिकटवून घेतली. अध्यक्षांचं भाषण झालं. इंजिनिअरने सूत्रसंचालन केलं. ठराव विरोधात गेल्याचं त्याने मनाला लावून घेतलं नव्हतं, उलट आबांची ओळख करून देताना 'सहा पावलांवरून' हे शब्द त्यानेच वापरले.

मग आबांच्या हातात माईक आला. ते मालवणीत बोलतील असं सगळ्यांना वाटलं होतं. ते स्वच्छ पुस्तकी मराठीत बोलले. सुनेने नंतर सांगितलं की चार दिवस आरशासमोर पाठ करत होते.

"मी फिटर आहे," ते म्हणाले. "मोजून सांगतो. शेटने एकच गोळी मारली. ती सॉफ्ट होती. गवा तिनेच मेला. तो कोणाच्या अंगावर आला नाही. मी निवडलेली सॉलिड गोळी दुसऱ्या नळीत होती, ती उडालीच नाही. ही ती गोळी." त्यांनी डबी उघडून गोळी दोन बोटांत वर धरली. "उडालेल्या गोळीवर चरे येतात. हिच्यावर एकही चरा नाही. या आणि बघून घ्या. माझी निवड बरोबर होती की चूक, हे मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही."

मग मागच्या खुर्च्यांमधून कोणीतरी ओरडलं, "आबा, काय फिरकी घेतली राव!" आणि सगळा चौक हसला. टाळ्या सुरू झाल्या. पुढच्या रांगेतले उभे राहिले, मग मागचेही उभे राहिले.

"मी थट्टा करत नाही," आबा माईकमध्ये म्हणाले.

टाळ्या वाढल्या.

सेक्रेटरींनी माईक घेतला. "बघा, ऐंशीव्या वर्षीसुद्धा काय विनोदबुद्धी! आपल्या पराक्रमाचं श्रेय घ्यायचंच नाही, हा यांचा मोठेपणा."

गोळी बघायला रांग लागली. आबांनी ती प्रत्येकाच्या तळहातावर ठेवली आणि प्रत्येकाला चरे कुठे असायला हवे होते ते बोटाने दाखवलं. लोकांनी गोळीबरोबर फोटो काढले. इंजिनिअरने ती मोबाइलच्या उजेडात फिरवून फिरवून पाहिली.

"मानलं आबा," तो म्हणाला. "कवटी फोडून गेली आणि साधा ओरखडा नाही. याला म्हणतात सॉलिड. मी चुकलो होतो."

"तू चुकूक नाय होतंस रे," आबा म्हणाले. "तूच बरोबर होतंस."

"बघा, मला बरं वाटावं म्हणून म्हणतायत," इंजिनिअरने शेजारच्याला सांगितलं.

डिसेंबरातल्या पहिल्या रविवारी मंडळाची पुढची सभा बालवाडीत भरली. विषयपत्रिकेवरचा पहिला विषय होता, मागील सभेचे आणि सत्कार समारंभाचे इतिवृत्त वाचून कायम करणे. सेक्रेटरींनी वाचलं. ठराव क्रमांक सात जसाच्या तसा होता. समारंभाच्या वृत्तात लिहिलं होतं: 'सत्कारमूर्तींनी आपल्या खास मिश्किल शैलीत मनोगत व्यक्त करून उपस्थितांना हसवले.'

मी निमंत्रित म्हणून हात वर केला आणि सांगितलं की सत्कारमूर्ती काय बोलले ते माझ्या वहीत शब्दशः आहे, इतिवृत्तात ते वाक्यांसह घ्यावं. सेक्रेटरींनी घटना उघडली. निमंत्रिताला दुरुस्ती सुचवता येत नाही, आणि मंजूर ठराव रद्द करायला सात दिवसांची नोटीस आणि दोन-तृतीयांश मतं लागतात, असं त्यांनी कलम वाचून दाखवलं. ते कलम घटनेत आहे.

या वेळी आबा आत बसले होते, पहिल्या रांगेतल्या बुटक्या बाकावर. सत्कार झालेला असल्यामुळे त्यांनी बाहेर बसायचं कारण उरलं नव्हतं. आजीव सभासद म्हणून त्यांना मत होतं.

अध्यक्षांनी इतिवृत्त मतास टाकलं. बाजूने तेरा, इंजिनिअर धरून. विरोधात एक. तो हात आबांचा होता. अध्यक्षांनी मोजणी दोनदा केली. सकाळी दहा वाजून पन्नास मिनिटांनी इतिवृत्त कायम झालं.